केवढ्याला पडला?

आमच्या हिंगोलीला आयपीएलचा संघ नाही. तशा हिंगोलीला बऱ्याच गोष्टी नाहीत, पण आम्ही त्याचं फारसं वाईट वाटून घेत नाही. जिल्हा होणंसुद्धा आमच्या वाट्याला उशिराच आलं. १ मे १९९९ ला परभणीतून आम्हांला वेगळं काढून दिलं, तेव्हा महाराष्ट्र राज्य ३९ वर्षांचं झालं होतं. तेव्हा संघाचं म्हणाल तर आणखी थोडी वाट पाहायला आमची हरकत नाही. उलट स्वतःचा संघ नसण्याचा एक मोठा फायदा आहे. ज्याला जो आवडेल तो संघ त्यानं आपला मानावा. भाडं नाही, डिपॉझिट नाही, आणि संघ हरला तर गावाची अब्रूही जात नाही.

आमच्या बँकेसमोरच्या चहाच्या टपरीवर असे सगळे संघ रोज सकाळी साडेनऊला हजर असतात. हेडकॅशियर साहेब मुंबईचे. कारण राजधानीशी एकनिष्ठ राहावं असं त्यांना वाटतं. शेजारचा झेरॉक्सवाला पोरगा चेन्नईचा. त्याचं कारण धोनी. धोनी उद्या आखाडा बाळापूरच्या संघाकडून खेळला तर हा बाळापूरचा होईल. आणि निवृत्त गुरुजी हैदराबादचे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, हे गुरुजींनी तीस वर्षं मुलांकडून घोकून घेतलं; स्वतः मात्र क्रिकेटपुरते ते अजून हैदराबाद संस्थानातच आहेत.

मोसम चालू असतो तेव्हा या मंडळींत फारशी भांडणं होत नाहीत. जो हरला तो चहाचे पैसे देतो, विषय संपला. खरी भांडणं मोसम संपल्यावर सुरू होतात. कारण तेव्हा संघ एकमेकांचे खेळाडू घेतात आणि देतात. पोरं त्याला ट्रेड म्हणतात. आम्ही बँकेत त्याला बदली म्हणतो. फरक एवढाच, की आयपीएलमध्ये बदली करताना खेळाडूची संमती घ्यावी लागते. हे मी जेव्हा पहिल्यांदा आमच्या शाखेत सांगितलं, तेव्हा दोन मिनिटं कोणीच काही बोललं नाही. एकानं नुसतं खिडकीबाहेर पाहिलं.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे, तिथं तर ही अदलाबदल भर मोसमात, जुलैच्या अखेरीपर्यंत चालते. खेळाडू सकाळी एका गावात उठतो आणि संध्याकाळी दुसऱ्या गावच्या टोपीत असतो. मात्र ज्यानं वरच्या श्रेणीत दहा वर्षं काढली आणि त्यातली शेवटची पाच सलग एकाच संघात, तो अशा बदलीला सरळ नाही म्हणू शकतो. आमच्याकडे नेमकं उलटं. एका शाखेत पाच वर्षं झाली, की तुम्हांला हलवण्याचं तेच कारण होतं.

तर २०२५ च्या नोव्हेंबरात आमच्या टपरीवर हलकल्लोळ माजला. चेन्नईनं रवींद्र जडेजा आणि सॅम करन हे दोघे राजस्थानला दिले आणि बदल्यात संजू सॅमसनला आणलं. मोहम्मद शमी हैदराबादहून लखनौला गेला. आमचा पालघरचा शार्दूल ठाकूर लखनौहून मुंबईला आला. जडेजा ३६ चा, शमी ३५ चा, शार्दूल ३४ चा. म्हणजे आमच्या बँकेत ज्या वयात माणूस 'नवीन आहे, शिकेल' या सदरात मोडतो, त्या वयात या लोकांचा पंचनामा चालला होता.

झेरॉक्सवाल्यानं तीन दिवस दुकान अर्धंच उघडलं. "जडेजाला देतेत म्हंजे काय? २०२३ ची फायनल आठवा. अहमदाबाद. दोन चेंडू, दहा धावा. येक षटकार, येक चौकार. आसा माणूस देतेत का कुणी?"

गुरुजी म्हणाले, "अरे, ते तेवीसचं झालं. आता पंचविसाचं बोल. तुझा संघ पंचवीसला कितवा आला?"

पोरगा गप्प. कारण चेन्नई २०२५ ला दहा संघांत दहावी आली होती. 'कितवा आला' हा प्रश्न वर्गात कोणाला विचारायचा आणि कोणाला नाही, हे गुरुजींना नोकरीतच कळून चुकलेलं आहे.

"पण गुरुजी, तुम्ही शमीला सोडलं त्याचं काय?" हेडकॅशियर साहेबांनी बाजू पालटली.

"बरं झालं गेला ते," गुरुजी म्हणाले. "दहा कोटी. नऊ सामने. सहा बळी. तेवढ्या पैशांत..." गुरुजी थांबले. दहा कोटींत काय येतं याची त्यांना कल्पना करता येईना. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाची कल्पनाशक्तीही ठरावीक आकड्यापर्यंतच जाते.

मी अशा वेळी शक्यतो मध्ये पडत नाही; नुसतं ऐकतो. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे कोणतंही भांडण मला जमा आणि नावे अशा दोन रकान्यांतच दिसतं. गेली काही वर्षं ऐकून ऐकून माझी अशी खात्री झाली आहे, की जुन्या खेळाडूचा विषय निघाला की जगातल्या सगळ्या चाहत्यांचे दोनच पक्ष होतात. एक ख्यातीवाले आणि दुसरे घसारावाले.

ख्यातीवाल्यांची स्मरणशक्ती दांडगी असते. खेळाडूनं काल काय केलं ते त्यांना आठवत नाही; बारा वर्षांपूर्वी काय केलं ते चेंडूनिशी आठवतं. दुकान विकताना मालाची किंमत वेगळी आणि नावाची किंमत वेगळी लावतात ना, तसे हे नावाची किंमत लावतात. माल किती उरला आहे हे बघायला ते मागच्या खोलीत जातच नाहीत. उलट घसारावाले. यांना इतिहास मंजूर नाही. यंत्र घेतलं त्या दिवसापासून ते झिजतंय, एवढंच त्यांना ठाऊक. दरसाल अमुक टक्के वजा करत जायचं आणि शेवटी भंगाराचा भाव काढायचा.

यात गंमत अशी आहे, की माणूस कायम एका पक्षात राहत नाही. आपला म्हातारा दुसऱ्याला द्यायचा म्हटलं, की तो ख्यातीवाला होतो. आणि दुसऱ्याचा म्हातारा आपल्या गळ्यात येणार म्हटलं, की लगेच घसारावाला. चेन्नईनं अश्विनला ९ कोटी ७५ लाखांना घेतलं, तेव्हा हाच झेरॉक्सवाला "घरचा माणूस घरी आला" म्हणून पेढे वाटत होता. ख्यातीवाला. अश्विननं २०२५ च्या मोसमात ९ सामन्यांत ७ बळी घेतले आणि ऑगस्टमध्ये आयपीएलला रामराम ठोकला. त्यानंतर पेढ्यांचा विषय काढला, की हा झेरॉक्सचं मशीन सुरू करतो. मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही.

मग खरं काय? म्हातारा घ्यावा की घेऊ नये?

घेऊ नये म्हणावं, तर २०१८ सालचा शेन वॉटसन समोर उभा राहतो. २०१७ मध्ये बंगळूरकडून त्यानं ८ सामन्यांत सगळ्या मिळून ७१ धावा केल्या होत्या. एवढ्या धावा करणाऱ्याला आमच्या रामलीला मैदानावरच्या टेनिस बॉलच्या स्पर्धेतही पुढच्या वर्षी पाणी द्यायला ठेवतील. तरी चेन्नईनं त्याला चार कोटींना घेतलं. वय ३६. त्या वर्षी चेन्नईत इतके वयस्क खेळाडू होते, की लोक त्या संघाला बाबालोकांची फौज म्हणायचे. अंतिम सामना वानखेडेवर, समोर गुरुजींचं हैदराबाद. वॉटसननं पहिल्या दहा चेंडूंवर एकही धाव काढली नाही. त्या दहा चेंडूंचा आनंद गुरुजींच्या चेहऱ्यावर मी स्वतः पाहिला आहे. त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. चहा येईपर्यंत वॉटसनला सूर सापडला, आणि तो ५७ चेंडूंत नाबाद ११७ करूनच थांबला. चहाचे पैसे गुरुजींनी दिले, पण चहा घेतला नाही.

घ्यावा म्हणावं, तर २०१५ सालचा युवराज सिंग. एका षटकात सहा षटकार मारणारा, विश्वचषक मिळवून देणारा, आजारपणातून उठून पुन्हा मैदानात उतरलेला. त्याच्याविषयी वाकडा शब्द काढणारा माणूस आमच्या टपरीवर चहा पिऊ शकत नाही. पण दिल्लीनं त्याला त्या वर्षी १६ कोटींना घेतलं आणि १४ सामन्यांत त्याच्या धावा झाल्या २४८.

अशा वेळी दोन्ही पक्ष आपापले पुरावे फेकून मारतात आणि कोणाचंच समाधान होत नाही. म्हणून एका रविवारी मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. बँकेतल्या माणसाला रविवारी दुसरं काही सुचत नाही. मी प्रत्येक खेळाडूची एक धाव त्याच्या संघाला केवढ्याला पडली, याचा तक्ता केला. युवराजची २०१५ ची एक धाव सुमारे ६ लाख ४५ हजारांना पडली. वॉटसनची २०१८ ची धाव ७२ हजारांना. आणि मग मी अजिंक्य रहाणेच्या खात्यावर आलो.

रहाणे हा आमच्या हेडकॅशियर साहेबांचा हळवा विषय. मुंबईचा खेळाडू, पण आयपीएलमध्ये मुंबईनं बराच काळ दुसऱ्यांच्या दारात ठेवलेला. २०२२ च्या जानेवारीनंतर त्याला कसोटी संघातून वगळलं. त्याच वर्षी कोलकात्याकडून ७ सामन्यांत १३३ धावा. वय ३४. डिसेंबरमध्ये कोचीच्या लिलावात त्याचं नाव पुकारलं, मूळ किंमत ५० लाख. चेन्नईनं हात वर केला. दुसऱ्या कोणीच केला नाही. ५० लाखांनाच सुटला. आमचा झेरॉक्सवाला त्या दिवशी जाम चिडला होता : "कशाला घेतेत हे भंगार?"

८ एप्रिल २०२३ ला वानखेडेवर मुंबईविरुद्ध चेन्नईच्या संघात ऐन वेळी जागा झाली. आपण खेळणार आहोत हे रहाणेला नाणेफेकीच्या थोडंसं आधी कळलं. त्यानं १९ चेंडूंत अर्धशतक ठोकलं. २७ चेंडूंत ६१. घरच्याच मैदानावर, घरच्याच संघाविरुद्ध. हेडकॅशियर साहेबांना टाळ्या वाजवाव्यात की कपाळ बडवावं ते कळेना. हात मात्र दोन्हींसाठी वर गेले होते. त्या मोसमात रहाणेनं ३२६ धावा केल्या, चेन्नईनं चषक जिंकला, आणि रहाणेला कसोटी संघात परत बोलावणं आलं. जूनमध्ये ओव्हलवर, विश्वविजेतेपदाच्या सामन्यात, पहिल्या डावात ८९ आणि दुसऱ्यात ४६.

माझ्या तक्त्यात रहाणेची एक धाव पडली १५ हजार ३३७ रुपयांना. माझ्या महिन्याच्या पगारात त्याच्या चारेक धावा सहज येतील. युवराजची एक घ्यायची तर प्रॉव्हिडंट फंड मोडावा लागेल.

तक्ता मी टपरीवर वाचून दाखवला. मला वाटलं आता वाद मिटला. पण हेडकॅशियर साहेब चाळीस वर्षं नोटा मोजत आलेत. आकड्यांनी दिपून जाणारा माणूस तो नव्हे. ते म्हणाले, "तेच युवराज २०१९ ला आमच्या मुंबईनं एका कोटीत घेतला होता. स्वस्तात. किती सामने खेळवला? चार. ९८ धावा. बाकी सगळा मोसम बाकावर. स्वस्तातली वस्तूसुद्धा ठेवायला जागा नसेल तर महागच पडते."

हे मला पटलं. पण तक्त्यात ते कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळेना.

ते कळलं एका शेतकऱ्याकडून. हळदीचे पैसे खात्यात जमा झाले का ते बघायला आलेले एक काका बँक उघडायची वाट पाहत टपरीवर बसले होते. आमचं सगळं ऐकून ते म्हणाले, "साहेब, तुमी कवापासून घ्यावा का नाही, घ्यावा का नाही करायलाव. बैलाच्या बाजारात आसं कुणी इचारतंय का? म्हातारा बैल शंकरपटात पळवायला कुणी घेत नसतंय. पण घरी गोऱ्हा आसला, त्येला वळण लावायचं आसलं, तर येका बाजूला म्हाताराच जुपावा लागतोय. दोन्ही बाजूंनी गोऱ्हे लावले तर औत बांधाच्या पल्याड जातंय. म्हून आदी सांगावं, केवढ्याला पडला आन् कशाला आणला. मग म्या सांगतो बरा का वाईट."

आणि चहा संपवून ते रांगेत जाऊन उभे राहिले. तीन वर्षं चाललेला वाद त्यांनी तीन वाक्यांत मिटवला, आणि वर चहाचे पैसेही स्वतःच दिले.

हे सगळं क्रिकेटपुरतं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. पण त्याच सुमारास आमच्या शाखेत एक बदली झाली. येणाऱ्या साहेबांचं वय ५८. मेल आल्या आल्या आमच्या शाखेतली तरुण मंडळी एका टेबलाभोवती जमली. मी माझ्या जागेवरून ऐकत होतो. "संपलेत ते." "मागच्या शाखेत काही चाललं नाही, म्हणून इकडं ढकललं." "त्यांच्या पगारात दोन नवीन पोरं आली असती." मला वाटलं शमीचं चाललंय.

त्यांचं म्हणणं खोटं होतं असं नाही. वेतनवाढी वर्षाला ठरलेल्या, त्यामुळे बँकेत माणूस जितका जुना तितका महाग. आणि आले ते साहेब पहिल्या दिवशी काउंटरवर बसले तेव्हा रांग फाटकाच्या बाहेर गेली. कीबोर्डावर ते एका बोटानं लिहीत, आणि प्रत्येक अक्षर दाबण्यापूर्वी बोट एकदा हवेत थांबे, जसं काही त्या अक्षराची संमती घेत आहे. एका खातेदारानं रांगेतच डबा उघडून जेवून घेतलं. घसारावाल्यांचा पूर्ण विजय झाला.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर साहेबांनी त्यांना काउंटरवरून उठवून पीककर्जाच्या टेबलावर बसवलं. तिथं एक आजोबा यायचे. त्यांचं नाव आधारवर ज्ञानोबा आणि सातबाऱ्यावर ग्यानबा. कॉम्प्युटरच्या मते ही दोन माणसं होती. त्यामुळे आजोबांचं कर्ज नव्यानं होत नव्हतं आणि ते तीनदा परत गेले होते. दर खेपेला एस.टी.चं तिकीट आणि एका दिवसाची मजुरी. आमची पोरं काही वाईट नव्हती. स्क्रीनवर 'नाही' आलं की ती 'नाही' म्हणत. नव्या, म्हणजे जुन्या, साहेबांनी आजोबांना बसायला खुर्ची दिली. दोन्ही नावांचा माणूस एकच असल्याचं शपथपत्र लागतं, ते कसं करायचं, सोबत काय जोडायचं, ते एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. चौथ्या खेपेला काम झालं. आणि हे सगळं होत असताना शेजारी बसलेली आमची नवी क्लार्क मुलगी ते वहीत उतरवून घेत होती. दुसऱ्या आठवड्यात एक नागोराव आले, जे आधारवर नागनाथ होते. त्या मुलीनं त्यांना दोन खेपांत मोकळं केलं.

औत बांधाच्या आत होतं.

काउंटरवर मात्र त्या साहेबांना पुन्हा कोणी बसवलं नाही, आणि बसवूही नये. बैल म्हातारा आहे हे नाकारण्यात काही पुण्य नाही. शपथपत्राचे पैसे कोणत्या रकान्यात धरायचे, हे त्यांच्या पगाराचा हिशेब करणाऱ्या पोरांनी मला अजून विचारलेलं नाही. विचारलं तर मी तक्ता काढून देईन.

चाहत्यांचं मात्र हे जमणार नाही, कारण चाहत्याला खरेदी करायची नसते. नुसता भाव पाडायचा किंवा चढवायचा असतो. म्हणून हा वाद दर नोव्हेंबरात होईल. धोनीच्याच बाबतीत बघा. पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या भारतीय खेळाडूला नवख्यांच्या गटात धरायचं, असा नियम २०२५ च्या मोसमासाठी लागू केला. त्यामुळे दोन विश्वचषक जिंकलेला ४३ वर्षांचा माणूस कागदोपत्री नवखा ठरला आणि चेन्नईनं त्याला चार कोटींत ठेवून घेतलं. ख्याती पूर्ण, घसारा पूर्ण, आणि वर नोंद 'नवीन' अशी. असली एंट्री आमच्या बँकेत कोणी केली असती तर ऑडिटरनं शाखाच बंद केली असती.

माझं स्वतःचं वय ४६ आहे. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली, तेव्हा १५ वर्षं नोकरी किंवा ४० वर्षं वय एवढीच अट होती, असं जुने लोक सांगतात. म्हणजे त्या हिशेबानं मी सहा वर्षं उशिरा आहे. त्यामुळे हल्ली नव्या पोरांनी 'सर, तुम्ही कोणत्या सालचे?' असं विचारलं, की मी आधी त्यांच्या हातात मोबाईल आहे का ते बघतो. आकडे काढत असतील तर काढू द्यावेत. माझी त्याला हरकत नाही. घसारा लावायच्या दोन पद्धती आहेत. एकीत दरसाल सारखी रक्कम वजा करतात आणि एक दिवस यंत्राची किंमत शून्य होते. दुसरीत उरलेल्या रकमेवर टक्के लावतात. तिच्यात आकडा दरसाल लहान होत जातो, पण शून्य कधीच होत नाही.

माझी विनंती एवढीच, की माझा हिशेब या दुसऱ्या पद्धतीनं करावा. आणि कुठे द्यायचंच ठरलं, तर आयपीएलवाल्यांसारखं आधी विचारावं. मी बहुधा हो म्हणेन; फक्त बँकेसमोर चहाची टपरी आहे का, तेवढं पाहून.